तेरावा महिना

आपल्या पंचांगात अधिक महिना सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला अनारशांचे वाण द्यावे लागते. सासऱ्याच्या खिशाला चाट बसते, पण तो ती हौसेने सोसतो, कारण जावई घरचा असतो. आपल्या टेलिफोन कंपन्यांनी मात्र स्वतःचे निराळेच पंचांग काढले आहे. त्यांचा महिना २८ दिवसांचा. ३६५ ला २८ ने भागून पाहा, भागाकार १३ येतो. म्हणजे यांच्याकडे अधिक महिना दर साल आणि वाण घरोघरी! 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी पावसाने दगा दिल्यावर रचली होती. हल्ली ती रिचार्ज संपल्यावर आठवते.

यावर कोणी म्हणेल, वर्षाकाठी एका जादा रिचार्जाचे ते काय घेऊन बसलात? ऐन दिवाळीत हे रडगाणे कशाला? पण वाचकहो, प्रश्न त्या चार पैशांचा नाही. बारा महिन्यांच्या वर्षात तेरा महिन्यांचे पैसे मागण्याची कोणत्या गवळ्याची छाती आहे? शेजारच्या गल्लीत दुसरा गवळी रतीब घालायला टपून बसला असेल, तर पहिला असले गणित मांडायला धजत नाही. गावातले सगळेच गवळी एकसारखे गणित मांडू लागले, म्हणजे खुशाल समजावे की गवळी तीन दिसत असले तरी चढाओढ संपली आहे. २०२२ च्या जानेवारीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, ज्याला सारे 'ट्राय' म्हणून ओळखतात त्याला, हुकूम काढावा लागला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा निदान एक तरी पॅक ठेवावा. तसे पॅक निघाले. पण दुकानाच्या दर्शनी फळीवर अजून २८, ५६ आणि ८४ दिवसांचाच माल मांडलेला असतो. महिना म्हणजे महिना, एवढे सांगायला जिथे सरकारी हुकूम लागतो, तिथे बाजार खुला आहे असे म्हणणे ही शुद्ध धूळफेक आहे.

मला सांगायचे आहे ते एवढेच. टेलिफोनच्या धंद्यातील चढाओढ या देशात आपोआप उगवली नाही. ती नियमांनी लावली, नियमांनी वाढवली आणि नियमांचे कुंपण होते तोवर तिने भरभरून फळ दिले. गेल्या दहा वर्षांत आपण फुकटाच्या फळाने इतके तृप्त झालो, की कुंपण मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकूच आला नाही.

या विधानावर दोन्ही बाजूंनी दगड येणार हे मी धरूनच चाललो आहे. पहिला दगड येईल तो जुन्या सरकारी मक्तेदारीचे गोडवे गाणाऱ्या सद्‌गृहस्थांकडून. 'त्या वेळी निदान लूट तरी नव्हती,' असे ते म्हणतात. खरे आहे, लूट नव्हती. कारण टेलिफोनच नव्हता! मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज उघडले. त्यानंतर एकशे बारा वर्षांनी, १९९४ साली, सरकारने राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केले. त्या धोरणातच सरकारने आपल्या हाताने लिहून ठेवले आहे की देशात शंभर माणसांमागे एक टेलिफोनसुद्धा नाही, सरासरी ०.८ आहे, आणि जगाची सरासरी १० आहे. साऱ्या देशात सुमारे ८० लाख टेलिफोन होते आणि प्रतीक्षायादीवर २५ लाख लोक ताटकळत होते. सहा लाखांच्या आसपास खेडी. त्यांपैकी टेलिफोन पोचला होता जेमतेम एक लाख चाळीस हजार खेड्यांत.

आमच्या वाड्यात एकच टेलिफोन होता, तोही मालकांकडे. सगळ्या बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर छापलेला असे आणि पुढे कंसात 'पी. पी.' ही दोन अक्षरे. मालकिणीबाई जिन्यातून हाक मारीत, आणि हाक मारण्याच्या स्वरावरूनच साऱ्या वाड्याला कळे, की बातमी बारशाची आहे की बाराव्याची. या आठवणी सांगायला गोड वाटतात. पण दवाखान्यातून येणारा निरोप मालकिणीबाईंच्या झोपेवर अवलंबून असणे यात गोड काहीही नव्हते. तेव्हा जुन्या मक्तेदारीची आरती ओवाळण्याचा माझा मुळीच इरादा नाही.

आता पुढे काय झाले ते नीट पाहू; कारण माझा सारा मुद्दा त्यातच आहे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला, दूरसंचारमंत्री सुखराम यांना, देशातला पहिला मोबाईल टेलिफोन केला. मक्तेदारी मोडली, खाजगी कंपन्या आल्या. पण कशा आल्या? मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या प्रत्येक महानगरात दोन, बरोबर दोन. आणि दर? मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत. शिवाय दुसऱ्याने आपल्याला टेलिफोन केला तरी पैसे आपल्यालाच पडत. लोक मोबाईल हातात धरीत, वाजला की त्यावरचा नंबर पाहून तो बंद करीत आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या पी. सी. ओ. मधून उलट टेलिफोन करीत. दोन कंपन्यांची स्पर्धा कशी असते, याचा हा प्रयोग आपल्या देशात सहा-सात वर्षे चालला. त्याचे उत्तर साऱ्या जगाने पाहिले: दोन दुकानदार एकमेकांशी भांडत नाहीत, एकमेकांकडे पाहून भाव ठरवतात.

मग तिसरा आणि चौथा भिडू आला. १९९७ मध्ये 'ट्राय' स्थापन झाली होती. १९९९ च्या नव्या धोरणाने ठोक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला हिस्सा घेण्याची पद्धत आणली. २००१ मध्ये मुंबई-दिल्लीत महानगर टेलिफोन निगम मोबाईलच्या मैदानात उतरले. त्याच वर्षी परिमंडळांतून चौथे परवाने दिले गेले. २००२ च्या ऑक्टोबरात भारत संचार निगम आले, डिसेंबरात रिलायन्स आली. १ मे २००३ पासून येणारा टेलिफोन फुकट झाला. कंपन्यांना अचानक दानाची बुद्धी झाली म्हणून तो फुकट झाला, असे कोणी समजू नये. ज्याने टेलिफोन केला त्याच्या कंपनीने दुसरीला ठराविक पैसे द्यावे, असा नियम 'ट्राय'ने घातला, म्हणून झाला. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी साऱ्या हिंदुस्थानात कोठेही एक रुपयात मिनिटभर बोलण्याची सोय केली. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा हा दर आला आणि बाकीच्यांना त्याच्यामागे धावावे लागले. २० जानेवारी २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क देशभर मिळाला. ज्या रिक्षावाल्याला, भाजीवालीला, प्लंबरला जगात कोणी पत्ता विचारीत नव्हते, त्यांना दहा आकडी पत्ता मिळाला. हे सगळे चढाओढीने घडले हे मी मुक्तकंठाने मान्य करतो. आणि त्या प्रत्येक पायरीखाली एक नियम होता, हेही तितक्याच मोठ्याने सांगतो.

अर्थात गर्दी जमली म्हणजे चढाओढ झाली असेही नाही. २००८ मध्ये सरकारने १२२ परवाने २००१ च्या भावाने वाटले. ज्यांनी आयुष्यात टेलिफोनची तार ओढली नव्हती असेही त्या रांगेत होते. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे परवाने रद्द केले. एकेका परिमंडळात दहा-बारा कंपन्यांची ती जत्रा ओसरली, तेव्हा कोणाला फारसे वाईट वाटले नाही. पण त्याच सुमारास सरकारला एक नवीच चटक लागली. २०१० च्या लिलावात लहरींच्या विक्रीतून एक लाख कोटींहून अधिक रुपये मिळाले होते. तेव्हापासून सरकार या धंद्याकडे दुभत्या म्हशीसारखे पाहू लागले. म्हैस दूध देते तोवर तिला चारा किती लागतो हे कोण विचारतो?

अशा कर्जाने वाकलेल्या बाजारात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली; बोलणे फुकट, इंटरनेट फुकट. ही खैरात ३१ मार्च २०१७ पर्यंत चालली. आपण काय केले? आपण रांगा लावल्या. लावायलाच हव्या होत्या. स्वस्त ते घेणे हा गिऱ्हाइकाचा धर्मच आहे. इंटरनेटचा भाव २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये होता, तो २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आत आला. त्याने खेड्यातल्या मुलाला पुस्तके दिली, आजीला परदेशातल्या नातवाचे तोंड दिसले. यातले काहीही मी नाकारीत नाही. पण एखादा धनाढ्य पेढीवाला महिनोन्‌महिने फुकट पेढे वाटतो, तेव्हा गावाने पेढा खाताना एक डोळा बाकीच्या हलवायांच्या दुकानांवर ठेवावा की नाही? तक्रार स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती. २०१७ च्या जूनमध्ये आयोगाने ती फेटाळली. कारण दिले ते असे, की नव्याने आलेल्या कंपनीचे बाजारात वर्चस्व नाही. त्या दिवशीचा हिशेब बरोबर असेल. मात्र वर्चस्व आल्यावरच पाहू असे म्हणणारा पहारेकरी चोराला आत जाऊ देतो आणि मग पायाचे ठसे मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकेक दुकान मिटत गेले. रिलायन्स कम्युनिकेशन्सने २०१७ च्या अखेरीस आपली मोबाईल सेवा गुंडाळली. एअरसेलने २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळे काढले. टेलिनॉरचा इथला धंदा आणि पाठोपाठ टाटांचा मोबाईलचा धंदा एअरटेलमध्ये विरघळला. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एकमेकींच्या खांद्याला धरून एक झाल्या. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नातल्या हिश्शाबद्दलचा जुना तंटा सरकारच्या बाजूने मिटवला. सरकारची मागणी व्याज-दंडासह जवळजवळ दीड लाख कोटींवर गेली. मग ज्या कंपनीला ते देणे फेडता येईना, तिचे देणे सरकारने भागभांडवलात फिरवून घेतले. २०२५ मध्ये व्होडाफोन-आयडियातील सरकारचा वाटा जवळजवळ निम्म्यावर गेला. भारत संचार निगम तर सरकारचेच. नियम करणार सरकार, लहरी विकणार सरकार, हिस्सा घेणार सरकार, एका दुकानाचे मालक सरकार आणि दुसऱ्यात निम्मे भागीदारही सरकार. पंच, खेळाडू आणि तिकीटविक्या एकच असल्यावर सामना कसा रंगायचा?

परिणाम डोळ्यांसमोर आहे. आज दर चार मोबाईल गिऱ्हाइकांपैकी जवळजवळ तीन दोनच कंपन्यांकडे आहेत. २०१९ च्या डिसेंबरात तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पुन्हा वाढवले. २०२४ च्या जूनअखेर एकीने वाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघींनी केली. दहापासून पंचवीस टक्क्यांपर्यंतची ही वाढ जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागूही झाली. त्यांनी आपसांत संगनमत केले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला पुरावा लागतो. पण संगनमताची गरजच उरलेली नाही, हीच तर खरी तक्रार आहे. दोन दुकानदार एकमेकांकडे पाहून भाव ठरवतात, हे १९९५ चे गणित आपण विसरलो. कंपन्या विसरलेल्या नाहीत.

हे गणित कोणाच्या पाठीवर मांडले जाते ते पाहा. माझी एक मावशी कोकणात, घाटाखालच्या एका वाडीत एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा साधा मोबाईल आहे. तिला इंटरनेट नको, सिनेमे नकोत, क्रिकेट नको. तिला हवा असतो मुलाचा टेलिफोन, गॅसचा निरोप आणि बँकेचा तो सहा आकडी परवलीचा शब्द. तिच्या कंपनीने वर्षानुवर्षे तिला इंटरनेटसकट पॅक विकला. म्हणजे केळी घ्यायला गेलेल्या बाईला प्रत्येक वेळी सक्तीने फणसही विकला. मुदत संपली की बाहेर जाणारे टेलिफोन बंद, आणि थोड्याच दिवसांत येणारेही बंद. मी तिला म्हणालो, "मावशी, कंपनी बदल. नंबर तोच राहतो." ती म्हणाली, "अरे बाबा, कंपनी बदलीन, पण डोंगर कुठे बदलू? इथे रेंज एकीचीच येते."

मंडळी, शहरातल्या पंडितांनी लिहिलेल्या साऱ्या अहवालांपेक्षा या एका वाक्यात जास्त अर्थशास्त्र आहे. मुंबई-पुण्यात जी तिहेरी स्पर्धा असते, ती सह्याद्रीच्या एका वळणावर एकाच टॉवरची मक्तेदारी होते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क तिथे कागदावर राहतो. आणि बोलण्यापुरता निराळा पॅक गिऱ्हाइकाला मिळालाच पाहिजे, हा नियम 'ट्राय'ने कधी काढला? २३ डिसेंबर २०२४ रोजी! पहिल्या मोबाईलनंतर तिसाव्या वर्षी. तसे पॅक मग आले. पण ज्या बाजारात गिऱ्हाईक हातचे जाण्याची धास्ती असते, तिथे केळी आणि फणस वेगळे विकण्यासाठी हुकूम लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे दगड. पहिला असा: 'जगात इतकी स्वस्त सेवा कोठे मिळते? मग कुरकुर का?' इथला दर जगातल्या खालच्या दरांपैकी आहे, हे खरे. पण मावशीचा खर्च तिच्या पेन्शनीत मोजायचा की लंडनच्या पगारात? दुसरा दगड: 'टॉवर उभारायला, नवे तंत्र आणायला पैसा लागतो, तोट्यात धंदा किती दिवस चालणार?' हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. धंद्यात नफा हवा. उधारीवरची स्वस्ताई टिकत नाही, हे आपण आताच पाहिले. पण नफ्यासाठी माल सुधारावा लागतो, तसा गिऱ्हाइकाचा पर्याय काढून घेऊनही नफा करता येतो. पहिल्या वाटेने जाण्याची सक्ती फक्त प्रतिस्पर्धी करू शकतो.

तिसरा दगड सर्वांत जड आहे: 'सरकारी कंपनी म्हणजे पांढरा हत्ती, ती विकून टाका.' मी विचारतो, हा हत्ती उपाशी कोणी ठेवला? २००१ ते २००६ या काळात भाव खाली ओढणाऱ्यांत हाच हत्ती होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जीचे उद्‌घाटन झाले. भारत संचार निगमच्या फोर-जीचे देशव्यापी उद्‌घाटन त्यानंतर तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. शर्यतीत घोड्याचे पाय बांधायचे आणि मग तो हरला म्हणून विकायला काढायचा, हा कुठला न्याय? तरीही २०२४ च्या दरवाढीनंतर काही महिने लाखो गिऱ्हाइके त्याच्याकडे वळली. लोकांना पर्याय हवा असतो, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा नुसते बोंबलून न थांबता मी चार मागण्या मांडतो. सगळ्या पॅकांचा महिना कॅलेंडरचा असावा. ज्या तारखेला घेतला त्याच तारखेला संपावा. येणारा टेलिफोन आणि बँकेचे निरोप वर्षभर चालू राहावेत यासाठी अल्प, ठराविक आकार असावा. जिथे एकच टॉवर आहे तिथे तो सर्वांच्या गिऱ्हाइकांना खुला असावा. २०२५ च्या जानेवारीत सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर एका कंपनीच्या गिऱ्हाइकाला दुसरीची रेंज वापरू देण्याची सोय सुरू झाली. जे सरकारी पैशाच्या टॉवरावर शक्य आहे, ते योग्य भाडे देऊन इतरत्र का नसावे? आणि चौथी: एका आठवड्यात सर्वांनी दर वाढवले, तर 'ट्राय'ने त्यांना उघड सुनावणीला बोलावून कारणे विचारावीत आणि ती जाहीर करावीत. भाव सरकारने ठरवावेत असे मी म्हणत नाही. भाव ठरवणाऱ्यांनी चारचौघांत तोंड दाखवावे, इतकेच म्हणतो.

या मागण्या कोणी आपण होऊन पुऱ्या करणार नाही. विजेचे दर वाढले की आपण मोर्चा काढतो, एस. टी. चे भाडे वाढले की वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडतो. टेलिफोनचे दर वाढले की मात्र आपण मुकाट्याने बटण दाबतो, आणि बटण दाबताना दिसणाऱ्या जाहिरातीतल्या नटाकडे पाहून हसतो. ही गिऱ्हाइकी झाली, नागरिकत्व नव्हे. 'ट्राय' आपले मसुदे लोकांच्या हरकतींसाठी जाहीर करते. त्यावर कंपन्यांचे वकील पानेच्या पाने लिहितात. घाटाखालच्या वाडीतून एकही पत्र जात नसेल, तर नियम वकिलांच्या सोयीचे होतील यात नवल ते काय? या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांचे रिचार्ज भरायला बसाल, तेव्हा त्यांना जे नको तेही आपण विकत घेतो आहोत का, एवढे पाहा. घेत असाल, तर पाच ओळींची तक्रार लिहा आणि खाली त्यांची सही घ्या. फराळाच्या ताटाशेजारी दौत-लेखणी ठेवायला अजून कोणी बंदी केलेली नाही.